केस कंपनीचा ट्रॅपर चाकू, घासून काढलेले ठिपके आणि माझे २८० डॉलर

मी न्यू जर्सीत राहतो आणि सात-आठ वर्षं झाली जुने अमेरिकन खिशातले चाकू जमवतोय, त्यातही जास्त करून केस कंपनीचे, पेन्सिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डचे. एवढी वर्षं हाताळूनही फसलो, म्हणून जे नव्याने या छंदात उतरतायत त्यांच्यासाठी सगळं नीट सांगतो.

मागच्या ऑक्टोबरमध्ये एका फ्ली मार्केटमध्ये, म्हणजे जुन्या वस्तूंच्या बाजारात, एका वयस्कर माणसाच्या टेबलावर केसचा ट्रॅपर नावाचा चाकू दिसला. दोन लांब पाती, लालसर हाडाची मूठ, आणि नंबर ६२५४. केसचा हा नंबर वाचता येतो, ६ म्हणजे खाचा कोरलेल्या हाडाची मूठ, २ म्हणजे दोन पाती, ५४ म्हणजे ट्रॅपरचा साचा, सगळं जुळत होतं. मोठ्या पात्याच्या मुळाशी, ज्याला टँग म्हणतात, तिथे शिक्का होता "केस एक्सएक्स, मेड इन यूएसए" आणि त्याच्या खाली काहीच नाही.

खेळ या "काहीच नाही"चा आहे. १९४० ते १९६४ नुसतं केस एक्सएक्स असायचं, १९६५ ते १९६९ त्यात मेड इन यूएसए आलं, आणि १९७० ला कंपनीने शिक्क्याखाली दहा ठिपके मारले, मग दरवर्षी एक ठिपका कमी, असं करत १९७९ ला एकच राहिला. म्हणजे ठिपके मोजले की चाकूचं साल कळतं, आणि मेड इन यूएसए असून ठिपका नसला की तो साठच्या दशकातला, मग भावही चढतो. त्याने सांगितलं वडिलांनी ६७ साली घेतलेला, कधी वापरलाच नाही. मी २८० डॉलर कॅश दिले, पावती मागितली नाही, ही माझी चूक.

घरी येऊन तेल लावून पुसला आणि टेबल लॅम्पखाली तिरपा धरला, तेव्हा टँगवर उजेड सरळ न पडता मध्येच वाकत होता, कारण शिक्क्याच्या खाली एक उथळ खळगा होता. भिंगातून बघितलं तर तिथले बारीक ओरखडे आडवे, आणि बाकी पात्यावरचे वेगळ्याच दिशेचे. आणि अगदी कडेला दोन ठिपक्यांचे तळ अजून शिल्लक होते, टाचणीच्या टोकापेक्षाही लहान. कॅलिपरने (जाडी मोजायचं साधन) मोजलं तर या टँगची जाडी दुसऱ्या पात्याच्या टँगपेक्षा कमी, आणि म्हणूनच उघडल्यावर हे पातं डावी-उजवीकडे किंचित हलत होतं, ते मला बाजारात हातात घेतल्यावरच जाणवायला पाहिजे होतं.

पैसे गेले त्याचं वाईट वाटलंच, पण खरा राग वेगळ्या गोष्टीचा आहे. चाकू खोटा नाहीये, ब्रॅडफर्डच्या कारखान्यातलाच आहे, आठ ठिपके असते तर ७२ चा म्हणून मी आनंदाने घेतला असता. आता किती ठिपके होते ते कोणालाच कळणार नाही, त्याचं जन्मसालच कानशीने पुसून टाकलंय कोणीतरी, थोड्या जास्तीच्या डॉलरांसाठी.

तुम्ही घेताना खिशात दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि छोटा कॅलिपर ठेवा, दोन्ही पाती उघडून दोन्ही टँग शेजारी शेजारी बघा, पातं हलवून बघा, आणि पावतीवर विकणाऱ्याकडून साल लिहून घ्याच. नाही लिहून दिलं तर चाकू ठेवून निघा, कितीही सुंदर दिसला तरी.

पुढच्या रविवारी मी परत गेलो तर त्या जागेवर दुसराच माणूस जुनी भांडी घेऊन बसला होता, त्याला काही माहीत नव्हतं. मी घेतला त्या दिवशी त्या टेबलावर असेच बिनठिपक्याचे अजून दोन ट्रॅपर होते, एक पिवळ्या मुठीचा. ते दोन्ही आता कुठल्यातरी दुसऱ्या बाजारात कोणाच्यातरी समोर असतील.