रीमॅप केलेला ईसीयू, काही महिन्यांच्या वापरानंतर: दोष खरंच मॅपचा असतो का?

टर्बो पेट्रोल इंजिनाच्या रीमॅपबद्दल, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातलं (ईसीयू) सेटिंग, अर्थात मॅप, जास्त ताकदीसाठी बदलण्याबद्दल, पहिल्या आठवड्यात चांगलंच बोललं जातं. खालच्या आरपीएमवरची ओढ काही महिन्यांनीही तशीच राहते, ते खरं आहे. बदलतं ते बाकीचं. कमजोर कॉइल (प्लगला ठिणगीचं व्होल्टेज देणारी), झिजलेले प्लग, सैल क्लिप हे सगळं स्टॉक (कंपनीच्या मूळ) बूस्टवर, म्हणजे टर्बोच्या हवेच्या दाबावर, खपून जातं. बूस्ट वाढला की उघडं पडतं आणि खापर मॅपवर फुटतं.

सगळ्यात जास्त आढळणारी तक्रार म्हणजे वरच्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल दिल्यावर बसणारे झटके आणि सोबत पी०३०० किंवा पी०३०१ ते पी०३०४ पैकी एखादा मिसफायरचा (ठिणगी किंवा ज्वलन हुकल्याचा) कोड; शेवटचा आकडा सिलिंडरचा. सिलिंडरमधला दाब वाढला की ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून आधी फिलर गेजने प्लगची गॅप मोजा. ०.८ मिमी असेल तर ०.६५च्या आसपास आणा. तरीही झटके राहिले तर पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरची कॉइल अदलाबदल करा. कोड पी०३०१ वरून पी०३०३ वर गेला तर कॉइल गेली. जागचा हलला नाही तर प्लग, इंजेक्टर, मग कम्प्रेशन, या क्रमाने जा.

पी०२९९ (बूस्ट कमी पडल्याचा कोड) येऊन गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे ताकद कमी करून, चालू लागली तर ईसीयूच्या नोंदींत (लॉग) मागितलेला आणि मिळालेला बूस्ट शेजारी ठेवून बघा. मिळालेला सतत कमी असेल तर इंटरकूलरचे पाइप तपासा. आतल्या तेलाच्या थरामुळे ते दाबाखाली निसटतात, त्यामुळे टोकं पुसूनच क्लिप आवळा. आत येणारी हवा मोजणारा एअरफ्लो सेन्सर असलेल्या गाडीत ही गळती असली की मोजलेली हवा इंजिनात पोहोचतच नाही. मिश्रण रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त, आणि काळा धूर दिसतो. मग लोक म्हणतात, ट्यूनरने पेट्रोल जास्त टाकलं!

फ्युएल ट्रिमचं (ईसीयू इंधनात करत असलेली टक्केवारीतली दुरुस्ती) उलटं: अधिक ट्रिम म्हणजे इंधन कमी पडतंय. आयडलवर लाँग टर्म ट्रिम अधिक १० टक्क्यांच्या वर आणि २५०० आरपीएमला शून्याजवळ, तर इनटेक मॅनिफोल्डच्या गळतीतून न मोजलेली हवा आत ओढली जातेय. लोडसोबत ट्रिम चढत गेला तर इंधनाचा दाब मोजा. मात्र पूर्ण थ्रॉटलला बऱ्याच गाड्यांत ट्रिमचा भरवसा नाही, तिथे मिश्रणाचं नेमकं प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सरच हवा.

नॉकमुळे (इंधन वेळेआधी स्वतःहून पेटणं) ठिणगीचं टायमिंग मधूनमधून एखाद-दोन अंश मागे गेलं तर घाबरायचं कारण नाही. सगळ्या सिलिंडरमध्ये सतत चार-पाच अंश जात असेल तर इंधनाचा ऑक्टेन (नॉक सहन करण्याची क्षमता) मॅपला पुरत नाही किंवा आत येणारी हवा फार तापलीय. हा मात्र मॅपचा प्रश्न: रोज जे इंधन भरता त्यासाठीच मॅप मागा.

फ्लॅश करताना (ईसीयूत मॅप लिहिताना) चार्जर नको, स्थिर पॉवर सप्लाय लावून १३ व्होल्टच्या वर ठेवा. लिहिताना व्होल्टेज पडलं तर गाडी सुरूच न होण्याची पाळी येते. चेकसम, म्हणजे फाइल बरोबर लिहिली गेली का ते तपासणारी बेरीज, चुकला तर पी०६०१ येतो.

मूळ फाइल जपून ठेवा, पण स्टॉकवर परत जाऊन केलेली चाचणी एकाच बाजूने बोलते. दोष राहिला तर मॅप निर्दोष. दोष गेला तर काहीच ठरत नाही, कारण कमजोर कॉइलही कमी बूस्टवर चालून जाते.