टीकेइंटरमध्ये इनपुट घ्यायला आयती पॉपअप वापरू की स्वतःची विंडो बनवू?

पायथनमध्ये छोटं डेस्कटॉप सॉफ्टवेअर करताय आणि युजरला मधेच काहीतरी विचारायचंय, तर टीकेइंटरमध्ये (विंडो, बटणं बनवायची पायथनसोबत येणारी लायब्ररी) तीन रस्ते आहेत. सिंपलडायलॉग मॉड्यूलमधली आस्कस्ट्रिंग, आस्कइंटिजर, आस्कफ्लोट ही आयती फंक्शन्स, त्याच मॉड्यूलमधला डायलॉग क्लास (अर्धी तयार पेटी, आतलं आपण भरायचं), नाहीतर टॉपलेव्हल (म्हणजे नुसती रिकामी वेगळी विंडो) घेऊन सगळं हातानं. मामाच्या हार्डवेअर दुकानाचा स्टॉक ठेवायला मी तिन्ही वापरलेत, त्यामुळे तिथलंच सांगतो.

आयत्या फंक्शनचं सुख म्हणजे एका ओळीत काम होतं. आस्कइंटिजरला मिनव्हॅल्यू-मॅक्सव्हॅल्यू दिली की रेंज ते स्वतःच बघतं, कोणी आकड्याच्या जागी अक्षरं टाकली तर चूक दाखवून परत विचारतं. आस्कस्ट्रिंगला शो मध्ये स्टार दिला की पासवर्डची पेटी तयार. पण यातली एक गोष्ट नीट समजून घ्या, कॅन्सल दाबलं की नन (पायथनचं 'काहीच नाही') परत येतं आणि आस्कस्ट्रिंगमध्ये रिकामं ठेवून ओके दाबलं की रिकामी स्ट्रिंग, म्हणजे अक्षरं नसलेला मजकूर, येते, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी सरळ 'इफ नॉट नग' असं लिहिलं होतं, आणि त्यात पायथन नन आणि ० दोन्ही सारखंच धरतं, तर एखादा माल संपला म्हणून मामानं ० टाकलं की प्रोग्रामला वाटायचं कॅन्सल केलंय, आणि ती नोंद कधी सेव्हच व्हायची नाही. दोन आठवडे स्टॉक चुकीचा दिसत होता तेव्हा कुठे लक्षात आलं. तिथे 'इज नन' हेच तपासायचं, दुसरं काही नाही.

आणि खरा त्रास एकापेक्षा जास्त गोष्टी विचारताना होतो. आधी मालाचं नाव, मग नग, मग दर, अशा तीन पेट्या एकामागोमाग उघडत होत्या, आणि दर टाकताना कळलं की नाव चुकलंय तर मागे जायला रस्ताच नाही, कॅन्सल करून पहिल्यापासून सुरू करा. समोर गिऱ्हाईक उभं असताना हे कोण करेल? म्हणून माझं स्पष्ट मत आहे, दोन किंवा जास्त गोष्टी असतील तर आयती फंक्शन्स नकोच.

तिथे डायलॉग क्लास घ्या. त्यात तीन फंक्शन्स आपण लिहायची: बॉडी मध्ये सगळे रकाने मांडायचे आणि ज्यात कर्सर हवा तो रिटर्न करायचा, व्हॅलिडेट मध्ये तपासणी, अप्लाय मध्ये रिझल्ट भरायचा. व्हॅलिडेटनं फॉल्स दिलं तर विंडो बंद होत नाही आणि टाइप केलेलं तसंच राहतं, फक्त चुकलेला रकाना सुधारायचा. ओके-कॅन्सल बटणं, एंटर आणि एस्केप, मागची विंडो अडवून ठेवणं हे सगळं फुकटात मिळतं. बरेच जण ह्या क्लासकडे बघतच नाहीत आणि थेट टॉपलेव्हलवर उडी मारतात, याचं मला वाईट वाटतं.

टॉपलेव्हलमध्ये ट्रान्झियंट (मुख्य विंडोच्या वर ठेवणं), ग्रॅब सेट (बाकी विंडो अडवणं), वेट विंडो (बंद होईपर्यंत थांबणं), वरच्या फुलीवर क्लिक झालं तर काय, हे सगळं तुम्हालाच लिहावं लागतं, लिनक्सवर तर विंडो दिसायच्या आधी ग्रॅब केलं की एरर येते, आधी वेट व्हिजिबिलिटी (विंडो दिसेपर्यंत थांबणं) लावावं लागतं. पण मागची विंडो चालू ठेवून शेजारी काही उघडं ठेवायचं असेल, जसं माल शोधायची विंडो, तर हाच पर्याय बरोबर, कारण तिथे अडवायचंच नसतं.

मराठी युजर असेल तर आणखी एक. आस्कइंटिजर आकडा टीसीएलकडून (टीकेइंटरच्या आत चालणारी वेगळी भाषा) तपासून घेतं, त्याला देवनागरी अंक कळत नाहीत, '१२' टाकलं की चूक म्हणतं. पायथनच्या स्वतःच्या इंट आणि फ्लोट (मजकुराचा आकडा करणारी फंक्शन्स) ला मात्र ते बरोबर वाचता येतात, म्हणजे व्हॅलिडेट मध्ये तेच वापरलं की मराठी कीबोर्ड चालू राहिला तरी नोंद अडत नाही.