कालवडींचे दात झिजवणारं 'खनिज मिश्रण'

गोठ्यात अर्धवट लेबलची मिनरल मिक्श्चरची पोती असतील, तर ती आज कालवडींच्या गव्हाणीपासून लांब करा. मोठ्या गाईचं दूध पुन्हा वाढेल, पण कालवडीचा बिघडून आलेला दात आयुष्यभर तसाच राहतो. आमच्या दावणीला अशा कालवडी आज उभ्या आहेत.

आमचा गोठा माणदेशात, एचएफ संकरित गाईंचा. संकलन केंद्रावर सकाळी दूध घालायला सगळे जमतात, त्या वेळेला एक विक्रेता यायला लागला. गळ्यात ओळखपत्र, तोंडात 'ताई', 'दादा'. केंद्रावरून तो थेट गोठ्यावर यायचा आणि गाईचा खालचा ओठ ओढून दात दाखवायचा. "बघा ताई, दात कसे झिजलेत. कॅल्शियम दातातनं दुधात चाललंय. दातांचं हे, तर आतल्या हाडांचं काय झालं असंल?" बघणारा घाबरतोच. दात डोळ्यांना दिसतो, हाड दिसत नाही.

हे बोलणं मुळातच खोटं आहे, आणि याच बोलण्यावर सगळी विक्री चालते. त्यानं दाखवलेली आमची गाय पाच वेतांची होती. गाईला पुढचे दात फक्त खाली असतात, आठ, आणि ते सगळे जुळल्यावर वयाप्रमाणे घासले जातात. जुळलेल्या गाईचं वय बाजारात दात बघून सांगतात ते त्यावरच. दुधात लिटरमागं साधारण सव्वा ग्रॅम कॅल्शियम जातं. विल्यावर खाण्यातून तेवढं मिळालं नाही तर गाय ते हाडांतून काढते. दातातून काढत नाही, कारण एकदा वर आलेल्या दाताचं वरचं कवच शरीराला ना काढून घेता येतं, ना नव्यानं घालता येतं. खनिजं कमी पडल्याची खूण दुसरीकडं दिसते. फॉस्फरस कमी असेल तर जनावर चिंध्या, हाडं, प्लास्टिक चघळतं. तांबं कमी असेल तर केसांचा रंग विटतो. विल्यावर गाय मान कुशीत घालून बसून राहिली तर तो मिल्क फिव्हर, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम एकदम घसरणं, तिथं डॉक्टरच लागतो. झिजलेला दात दाखवून पावडर विकणारा माणूस तुमच्या गाईबद्दल काहीच सांगत नसतो.

पांढरं पोतं, त्यावर गाईचं चित्र, मोठ्या अक्षरांत 'चिलेटेड' आणि 'शासनमान्य'. खाली वीस-बावीस खनिजांची नावं, पण एकाच्याही पुढं टक्केवारी नाही. किंमत दुकानातल्या चांगल्या मालाच्या निम्मी. "दुभत्या गाईला पन्नास ग्रॅम, कालवडीलाही पन्नास, म्हणजे हाडं मजबूत होतील," असं तो सांगून गेला. केंद्रावरच्या निम्म्या गोठ्यांत ही पोती गेली.

आधी दिसलं ते कालवडींमध्ये. दोनदाती होताना जे नवे दात आले ते पांढरेशुभ्र नव्हतेच. खडूसारखे निस्तेज, त्यावर तपकिरी पट्टे, काहींना खड्डे. काही महिन्यांत ते म्हाताऱ्या गाईसारखे बुटके झाले. हौदाचं गार पाणी लागलं की कालवडी तोंड मागं घ्यायच्या, मग जिभेनं थोडं थोडं चाटायच्या. पायाच्या नळीवर गाठी हाताला लागायला लागल्या, चाल आखडली. सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात व्यापाऱ्यानं तोंड उघडलं आणि न बोलता पुढच्या दावणीला गेला.

डॉक्टरांनी बघताच फ्लोरोसिसची, म्हणजे फ्लोराइड जास्त झाल्यानं दात-हाडं बिघडण्याच्या आजाराची शंका घेतली. पहिला संशय पाण्यावर. आपल्याकडं यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड भागात विहिरी-बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडनं माणसांचे दात आणि हाडं गेलीत, तेव्हा तो रास्तच होता. विहिरीचं पाणी तपासलं, त्यात फ्लोराइड लिटरमागं 1 मिलिग्रॅमच्या आतच निघालं. मग पोत्यातली पावडर पशुवैद्यकीय महाविद्यालयात पाठवली. फ्लोरिन दोन टक्क्यांच्या आसपास.

ते येतं कुठून, हे समजून घ्या. चांगल्या मिश्रणात फॉस्फरससाठी डायकॅल्शियम फॉस्फेट वापरतात आणि तो महाग पडतो. त्याऐवजी खाणीतला कच्चा रॉक फॉस्फेट दळून घातला तर कागदावर फॉस्फरस तितकाच दिसतो, पण त्या दगडात तीन-चार टक्के फ्लोरिन असतं. बाकी भर चुनखडीची. भारतीय मानक आयएस 1664 प्रमाणे मीठविरहित मिश्रणात फ्लोरिन 0.07 टक्क्यांच्या वर चालत नाही. आता हिशेब करा. पन्नास ग्रॅम चांगल्या मिश्रणातून दिवसाला 35 मिलिग्रॅम फ्लोरिन जातं, आमच्या पोत्यातून 1000 मिलिग्रॅम जात होतं. सहा किलो कोरडा चारा-खाद्य खाणाऱ्या कालवडीला किलोमागं 160 मिलिग्रॅमच्या वर. सहन होण्याची मर्यादा 40 मानतात. राजस्थानात उदयपूरजवळ सुपरफॉस्फेट कारखान्यांच्या आसपासच्या गुरांत हाच आजार नोंदला गेलाय. तिथं तो धुरा-धुळीतून चाऱ्यावर आला, इथं पैसे घेऊन गव्हाणीत घातला.

मोठ्या गाईंचे दात बरे आणि कालवडींचे गेले, याचंही कारण आहे. कायमचे दात हिरडीच्या आत तयार होत असतात तेव्हाच फ्लोरिन त्यांचं कवच कच्चं ठेवतं. तयार दाताला ते काही करत नाही, म्हणून जुळलेल्या गाईचं तोंड बघून माल चांगला की वाईट हे कळणारच नाही. हाडांत मात्र ते सगळ्याच वयात साठतं. विक्रेत्याला हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही.

आता कालवडींना चारा बारीक कुट्टी करून आणि पाणी कोमट करून देतोय. पावडर बंद केल्यावर चाल थोडी सुटली. दात तसेच आहेत.

घेताना पोत्यावर कॅल्शियम 20 टक्के, फॉस्फरस 12 टक्के असे आकडे आहेत का बघा, आणि फ्लोरिनचा कमाल आकडा छापलाय का तो आधी बघा. आयएसआयचं नुसतं चिन्ह कुणीही छापतं. चिन्हाच्या वर आयएस क्रमांक आणि खाली सीएम/एल पासून सुरू होणारा परवाना क्रमांक हवा. तो बीआयएस केअर ॲपवर टाकला की परवाना कुणाचा आणि चालू आहे का, ते दिसतं. व्हिनेगर टाकून फेस येतो का बघा, असं काही जण सांगतात. त्यानं चुनखडी कळेल, फ्लोरिन कळणार नाही.

विक्रेत्याचा फोन बंद आहे. आम्ही 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, जिल्हा ग्राहक आयोगातही दिली. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. बिल त्यानं कुणालाच दिलं नव्हतं, पण पैसे फोनवरून पाठवलेल्यांकडं त्याची नोंद निघाली. पोतं उघडताना शिवणीतली चिठ्ठी जपून ठेवा आणि किलोभर माल बरणीत बंद करून ठेवा. आमच्या तक्रारीला बॅच नंबर मिळाला तो अशाच एका चिठ्ठीवरून.