लांब पल्ल्याच्या नेमबाजी सरावासाठी रिमफायर: .२२ एलआर, .१७ एचएमआर की .२२ मॅग्नम?

बेळगाव परिसरात एनसीसीत राहिलेल्या बहुतेकांनी आयुष्यातली पहिली गोळी ‘पॉइंट टू-टू’ने, म्हणजे .२२ इंची नळीच्या रायफलीने, पंचवीस मीटरवरच्या कागदावर झाडलेली असते. पुढे नोकरीत किंवा व्यवसायात स्थिरावल्यावर त्यांतल्या काहींना पुन्हा रायफल हाती घ्यावीशी वाटते, आणि तेव्हा पन्नास मीटरच्या पलीकडे, शंभर-दोनशे मीटरपर्यंत नेम साधण्याचा सराव करायचा तर कोणते काडतूस निवडावे, हा प्रश्न उभा राहतो. परदेशी माहिती वाचली की वेगाचे आकडे डोळ्यांत भरतात आणि .१७ एचएमआरचा, म्हणजे .१७ इंची बारीक पण वेगवान गोळीच्या काडतुसाचा, मोह पडतो. हा मोह आवरावा असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे काही अंशी गोळीच्या वागण्यात आहेत, तर काही अंशी आपण जिथे राहतो त्या मुलखात.

रिमफायर काडतुसात स्फोटक मिश्रण तळाच्या कडेत भरलेले असते आणि रायफलची पिन ती कड चेपून ते पेटवते. कड चेपली जावी म्हणून कवच पातळ ठेवावे लागते, त्यामुळे आतला दाब एका मर्यादेपलीकडे वाढवता येत नाही, आणि एकदा झाडलेले कवच घरी पुन्हा भरण्याजोगे राहत नाही. म्हणजे सेंटरफायरवाले (तळाच्या मध्यभागी पेटणारी काडतुसे वापरणारे) नेमबाज दारू तोलून स्वतःची काडतुसे जशी जुळवून घेतात, तशी सोय इथे नाही. कारखान्यातून जे येईल तेच वापरायचे असल्यामुळे, कारखाने कोणत्या प्रकारावर सर्वाधिक मेहनत घेतात हे पाहणे निवडीच्या दृष्टीने फार महत्त्वाचे ठरते.

.२२ एलआर (लाँग रायफल) १८८७ पासून वापरात आहे. तिची नेहमीची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची असून स्पर्धेच्या दर्जाच्या काडतुसात ती सेकंदाला साधारण ३२५ ते ३३० मीटर वेगाने नळीबाहेर पडते. .२२ मॅग्नम हे काडतूस १९५९ मध्ये आले. त्यात तेवढ्याच वजनाची गोळी ५७० मीटरच्या आसपास वेग गाठते. त्याच कवचाचे तोंड निमुळते करून २००२ मध्ये .१७ एचएमआर बाजारात आणले गेले. त्याची गोळी जेमतेम १.१ ग्रॅमची, पण वेग सुमारे ७७५ मीटर. .१७ जातीतली आणखीही काही काडतुसे आहेत, परंतु भारतात बसून त्यांचा विचार करणे म्हणजे हौसेने डोकेदुखी विकत घेणे होय.

गोळीच्या खाली येण्यापुरते पाहिले, तर .१७ एचएमआरची सरशी निर्विवाद आहे. दोन्ही रायफली शंभर मीटरवर जुळवल्या, म्हणजे तिथे गोळी नेमक्या जागी लागेल अशा केल्या, तर दोनशे मीटरवर .१७ची गोळी अंदाजे ३० सेंटिमीटर खाली येते, तर .२२ एलआरची एक मीटरहून थोडी अधिक. तीनशे मीटरवर .२२ एलआरची घसरण साडेतीन मीटरच्याही पुढे जाते. एवढी भरपाई साध्या स्कोपच्या (नेमाच्या दुर्बिणीच्या) फिरकीत मावत नाही आणि पुढच्या बाजूला किंचित उतरता असलेला माउंट, म्हणजे स्कोपची बैठक, बसवावा लागतो. मात्र गुरुत्वाकर्षण दर वेळी तेच असते. अंतर ठाऊक असेल, तर किती फिरक्या द्यायच्या हे वहीत टिपून ठेवता येते आणि उद्याही तोच आकडा उपयोगी पडतो.

वाऱ्याचे तसे नसते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवरच्या पठारावर आहे, आणि पावसाळ्याच्या तोंडाला घाटाकडून सुटणारा पश्चिमेचा वारा अनुभवलेल्या माणसाला त्याची ताकद वेगळी सांगायला नको. येथे एक गोष्ट सहसा उलटी समजली जाते. वाऱ्याने गोळी किती सरकेल हे तिला लक्ष्यापर्यंत पोहोचायला किती वेळ लागला यावर नव्हे, तर हवेच्या विरोधामुळे तिला किती वेळ जास्त लागला यावर ठरते. हवा नसती तर दोनशे मीटर कापायला जो वेळ लागला असता तो प्रत्यक्ष वेळेतून वजा करावा. उरलेल्या सेकंदाच्या अंशाला वाऱ्याच्या वेगाने गुणले की सरक मिळते. आवाजाच्या वेगाच्या जवळ आणि वर हवेचा विरोध एकदम वाढतो, त्यामुळे वेगवान पण हलकी गोळी आपला वेग भराभर गमावते. ताशी सोळा किलोमीटरचा आडवा वारा धरला, तर शंभर मीटरवर .२२ एलआरची साध्या वेगाची गोळी आणि .१७ एचएमआरची गोळी या दोन्ही दहा सेंटिमीटरच्या आसपासच सरकतात, दोनशे मीटरवर .२२ची सरक चाळीस सेंटिमीटरच्या घरात जाते आणि .१७ची त्याहून किंचित जास्तच भरते. दुपटीहून अधिक वेगाचा वाऱ्यात असा काहीच लाभ नाही. .२२ एलआरमध्येच मिळणारी ‘हाय व्हेलॉसिटी’ काडतुसे तर साध्या काडतुसांपेक्षा शंभर मीटरवर चार-पाच सेंटिमीटर अधिक वाहवतात, शिवाय वाटेत आवाजाच्या वेगाखाली उतरताना त्यांची गोळी डळमळण्याची शक्यता असते. साध्या वेगाची गोळी मुळातच त्या उंबरठ्याच्या खाली असल्याने तिला हा त्रास नाही. उन्हाळ्यात हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो आणि हे अंतर आणखी सुरक्षित होते.

लांब पल्ल्यावर .२२ एलआरची खरी परीक्षा वेगळीच असते. एका डबीतल्या दोन काडतुसांच्या वेगात सेकंदाला दहा मीटरचा फरक असेल, तर पन्नास मीटरवर तो अर्ध्या-पाऊण सेंटिमीटरचा दिसतो, पण दोनशे मीटरवर तेवढ्यानेच गोळी दहा सेंटिमीटरच्या आसपास वर-खाली होते. नेमबाजाचा श्वास, ट्रिगर, खांदा सगळे बिनचूक असूनही कागदावर उभी रांग उमटते आणि माणूस स्वतःलाच दोष देत बसतो. म्हणून काडतुसांचा एकसारखेपणा ही सर्वांत मोठी कसोटी मानावी, आणि या कसोटीवर .२२ एलआरच्या जवळपासही कोणी येत नाही. ऑलिंपिकच्या पन्नास मीटर रायफल प्रकारात हेच ५.६ मिलिमीटरचे काडतूस वापरतात, तिथल्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर असतो, आणि त्या वर्तुळासाठी एली, लापुआ, आरडब्ल्यूएस यांसारख्या कंपन्यांनी दशकानुदशके आपले कसब पणाला लावले आहे. .१७ एचएमआर आणि .२२ मॅग्नम ही मुळात छोट्या शिकारीसाठी घडवलेली काडतुसे आहेत. शिकारीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे बंदी असल्यामुळे त्यांचा मूळ उपयोगच येथे उरत नाही. मॅग्नमची ऊर्जा .२२ एलआरच्या तिप्पट आहे खरी, पण कागदाला भोक पाडायला ऊर्जा लागत नाही. सरावासाठी तिची शिफारस मी करणार नाही.

आपल्या भागापुरते बोलायचे तर अनुभवाची शिदोरीही .२२ एलआरच्याच बाजूची आहे. निपाणी ओलांडली की कोल्हापूर जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये (गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून) कांस्यपदक मिळवले, आणि कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोनच्या (पालथे झोपून नेमबाजीच्या) विश्वविजेत्या ठरल्या. दोघांच्याही हातात .२२ होती. यामुळे प्रशिक्षक, जुन्या रायफली, सुटे भाग आणि जाणकार माणसे यांपैकी जे काही शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या टप्प्यात सापडेल, ते या एकाच काडतुसाभोवतीचे असेल. .१७ घेतलेल्या माणसाला नळी साफ करण्याची बारीक सळईदेखील बाहेरून मागवावी लागेल.

परवान्याचा भाग कंटाळवाणा असला तरी टाळता येणार नाही. ही तिन्ही अग्निशस्त्रे असल्याने परवाना अनिवार्य आहे; बेळगाव शहराच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडे आणि खानापूर, चिकोडी, निपाणीकडील गावांतून जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. कचेरीतला व्यवहार कन्नडमध्ये चालतो, त्यामुळे कागद एखाद्या जाणत्या माणसाकडून वाचून घेतलेला बरा. सीमाभागातील नेमबाजाने एका रकान्याकडे विशेष लक्ष द्यावे, तो म्हणजे परवान्याच्या वैधतेचे क्षेत्र. सरावासाठी कोल्हापूरला किंवा पुण्याच्या बालेवाडीला जायचे असेल आणि परवाना कर्नाटकापुरताच असेल, तर कोगनोळीचा नाका ओलांडताच आपण कायद्याच्या चुकीच्या बाजूला जातो. निवडणुका जाहीर झाल्या की शस्त्रे ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात, तेव्हा सराव कित्येक आठवडे बंद पडू शकतो. त्या काळात २० ज्यूलच्या आतली ४.५ मिलिमीटरची, परवाना न लागणारी एअर रायफल घरच्या दहा मीटरवर हात चालू ठेवते. वारा वाचणे ती शिकवणार नाही, ट्रिगर मात्र शिकवील.

आपल्याच उसाच्या किंवा भाताच्या शेतात दोनशे मीटर मोजून सराव करण्याची कल्पना कोणाच्या मनात असेल, तर ती काढून टाकावी. .२२ एलआरची ‘छोटी’ गोळी उंच कोनात सुटली तर दीड किलोमीटरपलीकडेही जाऊ शकते, आणि आपल्याकडे तेवढ्या अंतरात बांधावर कोणी ना कोणी असतेच. मागे पुरेसा उंच मातीचा बंधारा असलेली मान्यताप्राप्त रेंज हाच एकमेव पर्याय आहे. ती पन्नास मीटरचीच मिळाली तरी वर्षभर तिथेच काढण्यात कमीपणा नाही.

तेव्हा रायफल .२२ एलआरची, जड नळीची आणि बोल्टची, म्हणजे दर वेळी हाताने दांडा ओढून काडतूस भरायची, घ्यावी. काडतुसे मात्र एकदम खरेदी करू नयेत. मिळतील तितक्या तीन-चार वेगवेगळ्या लॉटच्या (कारखान्यात एकत्र बनलेल्या खेपांच्या) एकेक डब्या आणून, वारा पडलेल्या सकाळी, टेकू देऊन, प्रत्येकीतील दहा-दहा गोळ्या पन्नास मीटरवर झाडाव्यात. एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्येही फरक दिसेल, कारण प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. ज्या लॉटचे दहाही ठसे सर्वांत जवळ पडले, त्याच लॉटची काडतुसे परवान्यात बसतील तेवढी घेऊन ठेवावीत आणि पावसाळ्यात ती घट्ट झाकणाच्या डब्यात, खानापूरच्या दमट हवेपासून दूर ठेवावीत.