वापरलेलं इंजिन, नवा क्लच: आधी हायवेला काढायची की गर्दीत फिरवायची?

इंजिन बदललं, दुसरं वापरलेलंच बसवलं, आणि सगळं खाली उतरलंच आहे तर क्लचप्लेट-प्रेशर प्लेटपण नवी टाकली. आता पहिले ७००-८०० किलोमीटर गाडी चालवायची कशी? कोणी सांगतं सरळ हायवेला काढ, कोणी सांगतं सिग्नलच्या गर्दीतच फिरव. माझं दोन गाड्यांवर दोन्ही करून झालंय म्हणून लिहितोय, मेकॅनिक नाहीये, तेवढं समजून घ्या.

मुळात वापरलेल्या इंजिनाला रनिंग-इन (नवे भाग एकमेकांशी बसेपर्यंत जपून चालवणं) असं काही नसतंच, पिस्टनच्या रिंगा सिलिंडरशी केव्हाच बसलेल्या असतात. सिलिंडर बोअर करून (आतून नव्याने कापून) नव्या रिंगा टाकल्या असत्या तर गोष्ट वेगळी. इथे नवा आहे तो क्लच, पण आपण काळजी करतो इंजिनाची.

हायवेवाल्यांचं अगदीच चुकतं असं नाही हां. इंजिन नीट गरम होतं, बरेच दिवस पडून असेल तर आतला ओलावा उडून जातो, धूर, आवाज, टेंपरेचर सगळं एका खेपेत कळतं. पहिल्या गाडीला मी हेच केलं, दोन दिवसांत ६०० किलोमीटर, मजेत. वाटलं झालं काम.

आणि मग रिव्हर्स. पार्किंगचा छोटासा चढ, गाडी मागे घ्यायची, क्लच अर्धा सोडला की अख्खी गाडी थडथडायची, डॅशबोर्ड वाजायचा, आरशात मागचं काही धड दिसायचं नाही. रोज सकाळी हेच. इंजिन माउंट बघून झाले, ते ठीक होते. नंतर डोक्यात प्रकाश पडला की टॉप गिअरला क्लच पूर्ण धरलेला असतो, प्लेट घासतच नाही, मग ती फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनाच्या ज्या जड चकतीवर ती दाबली जाते तिच्यावर, बसणार कशी? माझ्या त्या ६०० मध्ये क्लचच्या दृष्टीने टोलनाके आणि चहाचे थांबे एवढंच काय ते झालं असेल. पुढे रोजच्या वापरात थरथर कमी झाली पण बरेच महिने गेले, पूर्ण गेली असं आजही छातीठोक सांगत नाही.

दुसऱ्या गाडीला मुद्दाम गर्दीचा रस्ता धरला. कंटाळवाणं आहे, डावा पाय दुखतो, नवा क्लच नेमका कुठे धरतो याची सवय नव्हती त्यामुळे दोन-चारदा गाडी बंद पडून मागून हॉर्नही खाल्ले. पण ४०० च्या आसपास पेडल एकदम गुळगुळीत झालं आणि रिव्हर्सला काही त्रास नाही. आता या वेळी फ्लायव्हील लेथवर फेस करून (पृष्ठभाग सपाट करून) घेतलं होतं आणि ऑइल गळून क्लचवर येऊ नये म्हणून मागचं क्रँक ऑइल सीलही बदललं होतं, त्याचाही हात असेल, नाही म्हणत नाही. तरी मला विचाराल तर गर्दीच.

फक्त चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवू नका, हँडब्रेक वापरा, आणि रेस देऊन झटक्यात क्लच सोडणं या दिवसांत नकोच. इंजिन ऑइल आणि फिल्टर मी ५०० लाच बदलले, आधीच्या मालकाने काय घातलं होतं कोणास ठाऊक, आणि काढलेलं ऑइल बघून बरं झालं बदललं असंच वाटलं. रोजचा रस्ता मोकळाच असेल तर एखाद्या सपाट रिकाम्या रस्त्यावर थांबत-निघत दहा-बारा वेळा करा, मधे क्लच गार होऊ द्या, जळका वास आला तर त्या दिवसापुरतं तिथेच थांबवा.