सीमली टूडी: फुकटातलं फर्मा-सॉफ्टवेअर कुठवर पुरतं?

चित्रातली कुर्ती अंगावर येईपर्यंत मापं, बेसिक ड्राफ्ट (मापांवरून काढलेला मूळ आराखडा), डिझाइनचा फर्मा (कापड कापायचा साचा), मांजरपाटाचं सॅम्पल, फिटिंगच्या दुरुस्त्या, ग्रेडिंग (त्याच फर्म्याचे लहान-मोठे साइझ), मार्कर (कापडावर फर्म्यांची मांडणी), कटिंग आणि शिलाई एवढे टप्पे लागतात. शिवणक्लासात ड्राफ्टची आकडेमोड बहुधा पाठच करून घेतात. सीमली टूडी हे मोफत, मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर नेमकं तिथे कामाला येतं, कारण त्यात आकड्याऐवजी सूत्र लिहिता येतं.

छाती ८८ सेंमी आणि ढील (अंगापेक्षा जास्त ठेवलेला सैलपणा) ८ सेंमी धरली तर घेराचा पाव भाग २४. इथे २४ न टाकता ‘छाती भागिले ४, अधिक २’ असं लिहावं. मग सोबतच्या सीमली-मी प्रोग्रॅममध्ये छाती ९६ केली की पाव भाग २६ होतो आणि त्याच्यावर बेतलेला सगळा ड्राफ्ट सरकतो. एखाद्या बिंदूला नुसता आकडा दिला असेल तर तेवढाच जागेवर अडकतो आणि मुंढा (बाही जोडायची गोलाई) वाकडा होतो. शिवाय ज्या बिंदूवर पुढचे बिंदू बेतलेत तो पुसता येत नाही, म्हणून क्रम आधी कागदावर ठरवलेला बरा.

ड्राफ्टमधून फर्मा सुटा करताना बिंदू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच निवडायचे. उलटे निवडले की शिलाई मार्जिन बिघडतं. नवशिक्यांचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. बाहीचा गोळा (बाहीची वरची गोल कड) मुंढ्याला जुळतोय का, हे सॉफ्टवेअर आपणहून सांगत नाही. मात्र दोन्ही वक्ररेषांची लांबी व्हेरिएबल्सच्या तक्त्यात सापडते. सुती कुर्तीला गोळा दीड-दोन सेंमी जास्त असला की पुरे. चार-पाच ठेवलात तर खांद्यावर चुण्या पडणारच.

प्रिंट काढताना ‘फिट टू पेज’ बंद करा. प्रिंटरने ९७ टक्क्यांवर छापलं तर ९६ सेंमीचा तयार घेर (छाती ८८ अधिक ढील ८) ९३ वर येतो, म्हणजे ढिलाईतले ३ सेंमी गेले. फर्म्यात १० सेंमीचा चौकोन काढून पट्टीने मोजावा. ए-फोर कागद चिकटवत बसण्यापेक्षा घरांचे नकाशे छापणाऱ्या दुकानातून ए-झीरो प्रिंट घेतलेली सोपी. तो कागद सुमारे ११९ सेंमी लांब असतो, कुर्ती त्यात सरळ बसते.

कापडाचं मात्र या सॉफ्टवेअरला काहीच कळत नाही. कापड कसं पडेल, तिरपं कापल्यावर किती ताणेल, धुतल्यावर किती आटेल, हे पडद्यावर दिसत नाही. ३ टक्के आटणाऱ्या सुती कापडात १०० सेंमीची उंची ९७ होते. त्यामुळे मांजरपाटाचं सॅम्पल टाळू नये, आणि मांजरपाटही आधी धुऊन घ्यावं. अंगावर चढवल्यावर छातीपासून बाजूच्या शिवणीकडे तिरप्या चुण्या ओढल्या गेल्या तर बहुतेकदा डार्ट (अंगाच्या आकारासाठी घातलेली टोकदार चूण) कमी पडलेला असतो. ती दुरुस्ती सूत्रात करावी, नुसती खडूने कापडावर नको. नाहीतर पुढच्या साइझमध्ये तीच चूक परत येते.

खण किंवा काठापदराचं कापड असेल तर ऑटो लेआउटच्या, म्हणजे फर्मे आपोआप मांडण्याच्या सोयीच्या, नादी लागू नका. काठ कुठे यायला हवा हे त्याला ठाऊक नसतं. फर्मे हातानेच मांडावे लागतात.