स्टिकी जंप: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

टीम फोर्ट्रेस २ या दोन संघांच्या व्हिडिओ गेममध्ये डेमोमन या वर्गाचं (खेळाडूच्या प्रकाराचं) स्टिकीबॉम्ब लाँचर, म्हणजे चिकटणारे बॉम्ब सोडणारं शस्त्र, बहुतेक जण सापळे लावायला वापरतात. मी गेले बरेच महिने ते मुख्यतः उडायला वापरतोय. जमिनीवर बॉम्ब चिकटवायचा, त्याच्यावरून पुढे सरकत उडी मारायची, अंग आखडायचं आणि उजवं बटण दाबून आपल्याच स्फोटाच्या धक्क्याने अर्धा मॅप (खेळाचं मैदान) ओलांडायचा, हीच स्टिकी जंप. एवढ्या वापरानंतर माझं मत पक्कं झालंय. मिडवर, म्हणजे मैदानाच्या मधल्या, ताब्यात घ्यायच्या पॉइंटवर सगळ्यांच्या आधी पोहोचायचं असेल तर याच्यासारखी दुसरी चाल नाही. पण नवख्यांना ती शिकवताना सगळे वेगाबद्दल बोलतात, त्या वेगासाठी काय मोजावं लागतं ते फारसं कुणी सांगत नाही.

मोजावी लागते ती हेल्थ. डेमोमनकडे ती १७५ असते. पायी त्याचा वेग सेकंदाला २८० युनिट (गेममधलं अंतराचं माप), म्हणजे मेडिक या वर्गाच्या ३२० पेक्षा कमी आणि स्काउट या वर्गाच्या ४०० च्या तर आसपासही नाही. सोल्जर २४० ने चालतो, पण त्याच्याकडे उडायला रॉकेट आहे. त्यामुळे न उडणारा डेमो (डेमोमन) लढाईत नेहमी उशिरा पोहोचतो आणि त्याचं शस्त्र मात्र असं, की जो आधी पोहोचेल त्याला त्याचा फायदा. ही विसंगती स्टिकी जंपने मिटते.

धक्का कसा मिळतो ते एकदा नीट समजून घेतलं की सराव निम्म्याने सोपा होतो. या गेममध्ये स्फोट तुम्हाला किती जोराने ढकलणार हे त्या स्फोटाने तुम्हाला किती इजा केली यावर ठरतं. बॉम्बच्या जितके जवळ तितकी इजा जास्त आणि झेपही तितकीच मोठी. साध्या लाँचरवर फुकट उंची असा प्रकार नाही. दुसरी गोष्ट देहाच्या आकाराची. उभा खेळाडू ८२ युनिट उंच धरला जातो, क्राउच केल्यावर (अंग आखडल्यावर) ६२, आणि आकार लहान झाला की त्याच स्फोटाचा धक्का जास्त बसतो. म्हणून क्रम कायम हाच ठेवायचा: आधी उडी, लगेच क्राउच, मग स्फोट. उभ्याने फोडलेली स्टिकी इजा तेवढीच करते आणि उडवते कमी. हेल्थ वाया घालवायचा याच्याइतका सरळ मार्ग दुसरा नसेल.

दिशा ठरते बॉम्ब आणि तुम्ही यांच्यातल्या रेषेवरून. बॉम्ब नेमका पायाखाली असेल तर सरळ वर, पाठीमागे असेल तर पुढे, भिंतीवर असेल तर भिंतीपासून लांब. लांब पल्ल्यासाठी बॉम्ब किंचित मागे हवा. इथेच डेमोचं गणित सोल्जरपेक्षा अवघड होतं, कारण सोल्जरचं रॉकेट जमिनीला लागताच फुटतं, तर स्टिकी सोडल्यापासून ०.७ सेकंद फोडताच येत नाही. नवखे लोक पायाशी स्टिकी टाकतात, थांबतात, ती तयार व्हायची वाट बघतात आणि मग उडतात. थांबायची काहीच गरज नाही. ०.७ सेकंदात डेमो २८० च्या वेगाने जवळपास २०० युनिट धावतो. तेवढ्याच अंतरावर पुढे स्टिकी टाका आणि धावत राहा. तिच्यावरून जाताना ती तयार झालेली असते, एक पाऊल पुढे गेलात की ती आपोआप पाठीमागे येते आणि धावण्याचा वेगही झेपेत मिसळतो. हे जमलं त्या दिवशी मला डेमो खऱ्या अर्थाने आवडायला लागला.

हवेतलं सुकाणू हा वेगळाच विषय आहे आणि त्याला वेळ द्यावा लागतो. हा गेम ज्यावर चालतो त्या सोर्स इंजिनमध्ये हवेत असताना पुढची कळ, म्हणजे डब्ल्यू, दाबून ठेवली की वळण मरतं. ती सोडायची. डावीकडे वळायचं तर ए दाबायची आणि माउस त्याच दिशेने हलक्या हाताने फिरवत राहायचा, उजवीकडे डी. वेग कायम ठेवून कोपरा घेता येतो, एवढंच नाही तर नीट केलं तर थोडा वेग वाढतोही. क्वेक या जुन्या गेमच्या जमान्यापासून चालत आलेली ही देणगी आहे. माउस झटक्याने फिरवणाऱ्यांची झेप मधेच लंगडते. हात जितका सावकाश तितकं वळण स्वच्छ.

सरावाची जागा म्हणून जंप अकॅडमी हा मॅप मी कुणालाही सुचवेन. एकेक तंत्र वेगळं काढून शिकवतो, घाई करत नाही. पुढे टेम्पस नावाचे खास उड्यांचे सर्व्हर आहेत, तिथे सोल्जर आणि डेमो यांच्या वेळा वेगवेगळ्या नोंदल्या जातात आणि सोप्या मॅपपासून अशक्य वाटणाऱ्यांपर्यंत सगळं सापडतं. तिथली माणसं बहुतेक शांत असतात. कुणी अडकलेला दिसला तर थांबून दाखवतात, हा माझा अनुभव.

आता स्टिकी जंपरबद्दल. हे वेगळं लाँचर आहे. त्याचे बॉम्ब शत्रूला काही करत नाहीत आणि तुम्हालाही इजा न करता नुसता धक्का देतात. एका वेळी दोनच बाहेर ठेवता येतात आणि ते घेऊन इंटेलिजन्सची ब्रीफकेस (काही मॅपवर शत्रूकडून पळवून आणायची वस्तू) उचलता येत नाही. नवीन माणसाला सगळे हेच हातात देतात. दिशा आणि वळण शिकायला ते उत्तम आहे, यात वाद नाही. पण पहिल्या काही आठवड्यांनंतर ते बाजूला ठेवावं असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. जंपरवर उडणाऱ्याला हिशोबाची सवयच लागत नाही. दोन बॉम्बवर उडावं की एकावर, ही झेप आत्ता परवडते का, वाटेत हेल्थ पॅक (उचलला की हेल्थ भरून देणारा) कुठे आहे, हे प्रश्न त्याला पडतच नाहीत. मग खऱ्या सामन्यात तोच माणूस झोकात मिडवर उतरतो आणि पहिल्याच गोळीला पडतो. लाँचर बदलून उड्या शिकल्या असं होत नाही. उडी म्हणजे तिची किंमतसुद्धा.

ही किंमत सगळ्यात स्पष्ट दिसते ती सहा विरुद्ध सहाच्या सामन्यात, सुरुवातीच्या रोलआउटमध्ये, म्हणजे मिडकडच्या पहिल्या धावेत. सहसा रचना अशी: दोन स्काउट, दोन सोल्जर, एक डेमो, एक मेडिक. दोन्ही संघ आपापल्या टोकाहून एकाच वेळी निघतात आणि मधला पॉइंट ज्याच्या ताब्यात जाईल त्याच्याकडे सामना झुकतो. निघायच्या आधी मेडिक डेमोला ओव्हरहील (नेहमीच्या कमाल हेल्थच्या वर जादा हेल्थ) देतो. १७५ ची हेल्थ २६० पर्यंत जाते आणि मग हळूहळू ओसरत राहते. ओसरणारी हेल्थ कुणाच्याच कामाची नसते, म्हणून ती ताबडतोब उडीत घालायची. बॅडलँड्ससारख्या मॅपवर शेवटच्या पॉइंटपासून स्पायर नावाच्या भागातून मिडपर्यंत जाताना नेमक्या कुठल्या कोपऱ्यावर स्टिकी टाकायची, कुठे एक आणि कुठे दोन, कुठल्या पॅकवरून जायचं हे सगळं ठरलेलं असतं. संघातल्या बाकीच्यांनी ते पॅक डेमोसाठी सोडायचे असतात. हा भाग मला फार आवडतो. वरून पाहणाऱ्याला एक माणूस उडताना दिसतो, पण त्या उडीत मेडिकची हेल्थ असते आणि स्काउटने न उचललेला पॅकही असतो.

बॉम्बचाही हिशोब असतो. लाँचरमध्ये आठ, राखीव चोवीस. वाटेत दोन-तीन खर्च झाले की मिडवर पाच-सहा उरतात आणि रीलोड (बॉम्ब पुन्हा भरणं) एकेक करून होतं. म्हणून हवेत असतानाच रीलोड करायचं. सुरुवातीला हात दोन्हीकडे चालत नाही, वळणाकडे लक्ष गेलं की रीलोड राहतं. सवयीने जमतं. उतरताना आठही भरलेले असले आणि समोरचा डेमो अजून दारातून बाहेर येत असला, की त्या चोकवर (अरुंद वाटेवर) चार-पाच स्टिकी आधीच पसरून ठेवता येतात. एवढी हेल्थ खर्च करायची ती या दोन-तीन सेकंदांसाठी.

त्रासाच्या गोष्टीही सांगायला हव्यात. साधं लाँचर उजव्या बटणावर तुमच्या सगळ्या तयार स्टिकी एकदम फोडतं. म्हणजे दारावर सापळा लावून बसलात आणि पळायची वेळ आली, तर उडण्यासाठी सापळ्यावर पाणी सोडावं लागतं. स्कॉटिश रेझिस्टन्स या दुसऱ्या लाँचरमध्ये हा प्रश्न नाही, ते नेमाजवळच्या आणि पायाखालच्या स्टिकीच फोडतं आणि एकूण चौदा ठेवू देतं. पण त्याच्या बॉम्बना तयार व्हायला ०.८ सेकंद जास्त लागतात, आणि दीड सेकंदाच्या स्टिकीवर पळून जाणं होत नाही. क्विकीबॉम्ब लाँचरचा वेळ साध्यापेक्षा ०.२ सेकंदाने कमी आहे, उडायला ते खूप सुखाचं वाटतं, मात्र आत चारच बॉम्ब राहतात आणि इजाही कमी. मी तिन्ही आलटून पालटून वापरून पाहिली आणि साध्यावर परतलो.

हवेतला माणूस सोपं लक्ष्य असतो, हेही लक्षात ठेवा. तुमची कमान अनुभवी सोल्जरला आधीच दिसते. त्यातही त्याच्याकडे डायरेक्ट हिट हे रॉकेट लाँचर असेल तर स्फोटाने उडालेल्यावर मिनी-क्रिट (जादा इजेचा फटका) बसतो, आणि तुम्ही आपल्याच बॉम्बने उडालेले असलात तरी तो नियम लागूच. त्यामुळे समोरून, उघड्या आभाळातून, कायम त्याच वाटेने येऊ नका. कमी उंचीच्या, भिंतीला धरून मारलेल्या झेपा मला जास्त उपयोगी वाटतात. दिसायला त्या साध्या असतात, पण उतरेपर्यंत कुणी वर पाहिलेलं नसतं.

पिंगचा, म्हणजे सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन येण्यातल्या उशिराचा, मुद्दा आपल्याकडच्यांना नक्की भिडेल. स्फोटाचा धक्का सर्व्हर ठरवतो, तुमचा संगणक आधी अंदाज बांधून दाखवत नाही. जवळच्या सर्व्हरवर बटण आणि झेप एकच वाटतात. सिंगापूर किंवा त्याहून लांबच्या सर्व्हरवर बटण दाबल्यावर एक बारीकसा खंड पडतो आणि तेवढ्यात तुम्ही बॉम्बपासून पुढे सरकलेले असता, म्हणजे धक्का कमी आणि दिशाही वेगळी. लांबच्या सर्व्हरवर मी बटण थोडं आधी दाबतो आणि दोन बॉम्बच्या झेपा टाळतो. ज्यांना रोज जास्त पिंगवर खेळावं लागतं त्यांनी सराव त्याच पिंगवर करावा. घरच्या घरी सर्व्हर चालवून बसवलेली लय तिथे कामाला येत नाही.

स्फोटावर उडायची ही कल्पना टीम फोर्ट्रेसच्या घराण्यात जुनीच आहे. १९९९ च्या टीम फोर्ट्रेस क्लासिकमध्ये स्काउट आणि मेडिककडे कन्कशन ग्रेनेड असायचे, इजा न करता नुसता धक्का देणारे, आणि तो हातात धरून ठेवून अगदी शेवटच्या क्षणाच्या धक्क्यावर लोक मॅपच्या या टोकाहून त्या टोकाला जायचे. २००७ मध्ये टीम फोर्ट्रेस २ आला तेव्हा प्रत्येकाच्या खिशातले ते हातबॉम्ब काढून टाकले गेले. मला तो निर्णय पटतो. उडणं सगळ्यांना थोडंथोडं मिळण्याऐवजी दोन वर्गांचं कसब झालं आणि बाकीच्यांसाठी आकाश हा धोका झाला.

सोल्जर आधी शिकावा की डेमो, असं विचारलंत तर सोल्जर. त्याचा स्फोट लगेच होतो, चूक कुठे झाली ते तिथल्या तिथे कळतं, शिवाय गनबोट्स हे बूट घातले तर रॉकेट जंपची इजा ६० टक्क्यांनी कमी होते. डेमोसाठी खऱ्या स्टिकीबरोबर चालणारं असं काही नाही. तो असमतोल मला खटकत नाही, कारण एका झेपेत डेमो जेवढं अंतर कापतो तेवढं सोल्जरला बहुतेक वेळा दोन रॉकेटमध्येही जमत नाही. सोल्जरवर हवेतलं वळण हाताला बसलं की डेमोकडे या. पहिले काही दिवस एकाच बॉम्बच्या झेपा, पूर्ण हेल्थवर, जवळ पॅक असलेल्या जागी. दुसरा बॉम्ब ओव्हरहील असेल तेव्हाच.